पाना फिरायला जागा हवी



मी जबलपूरचा. जन्म इथला, शिक्षण इथलं, कामधंदाही इथलाच. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, असं माझं बालपण गेलं. त्यामुळे बोलताना मध्येच एखादं हिंदी वाक्य आलं तर सांभाळून घ्या. नागपूरकर सांभाळून घेतातच, पुणेकरांना विनंती करतो.

आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण तो तुमच्या-माझ्या रोजच्या अनुभवाचा आहे. स्कूटरचा एक बल्ब बदलायला अर्धी स्कूटर खोलावी लागते, तेव्हा आपण डिझाइन करणाऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटतो. मिक्सरचं भांडं फुटतं आणि दुकानदार सांगतो, ‘नुसतं झाकण मिळत नाही, अख्खा सेट घ्या.’ कपाट घरी येतं आणि जिन्याच्या वळणावर अडकतं. या तिन्ही ठिकाणी वस्तू वाईट नसते. ती बनवणाऱ्याने वापर, वाहतूक किंवा दुरुस्ती यांपैकी एक गोष्ट नंतर बघू म्हणून सोडलेली असते.

वस्तूचं डिझाइन करतानाच ती कारखान्यात कशी बनेल, गिऱ्हाइकापर्यंत कशी पोहोचेल, तिचे सुटे भाग कुठे मिळतील आणि बिघडली तर कोण, कुठे, कोणत्या हत्यारांनी दुरुस्त करेल, हे सगळं एकत्र ठरवायचं. याला इंग्रजीत कॉन्करंट इंजिनिअरिंग म्हणतात. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स अ‍ॅनालिसेस या संस्थेने एक अहवाल काढला आणि त्यातून हा शब्द जगभर गेला. वस्तूचं डिझाइन, तिची निर्मिती आणि तिचा पुढचा सांभाळ ही तीन कामं एकामागून एक न करता बरोबरीने करावीत, असं त्याचं सार. शब्द नवा होता, शहाणपण जुनं होतं. माझ्या बाबांकडे ते होतं आणि त्यांनी तो अहवाल कधी बघितलाही नव्हता.

बाबा इथे गाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. मी इंजिनिअरिंगला गेलो आणि घरी ड्रॉइंग काढायला लागलो, तेव्हा ते मागे उभे राहून बघायचे. त्यांना ड्रॉइंग छान वाचता यायचं. सगळं बघून झालं की एकच विचारायचे, ‘पाना फिरायला जागा आहे का?’ नट दाखवलाय, बोल्ट दाखवलाय, पण त्या नटावर पाना बसेल का, बसला तर फिरेल का, आणि पाना धरणारा हात तिथपर्यंत जाईल का? मला तेव्हा हा प्रश्न फार किरकोळ वाटायचा. तो किती महाग पडू शकतो, ते पुढे सांगतो.

आधी माझ्या शहराबद्दल थोडं. मराठी माणसाला जबलपूर म्हटलं की भेडाघाट आठवतो, धुवाँधार आठवतो. खवा-जिलेबीही आठवत असेल. पण हे शहर घडलं ते वाहतुकीमुळे. मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे या दोन कंपन्यांचे रूळ मार्च १८७० मध्ये इथे जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता गाडी सुरू झाली. देशाच्या मध्यभागी, रेल्वेच्या सांध्यावर असलेलं हे गाव इंग्रजांच्या लष्कराला सोयीचं वाटलं. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी, आणि पुढे ओतकामासाठी ग्रे आयर्न फाउंड्री. शिवाय लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, म्हणजे सुट्या भागांचं प्रचंड मोठं कोठार. ५०६ आर्मी बेस वर्कशॉप, जिथे थकलेल्या यंत्रांचं पूर्ण ओव्हरहॉल होतं. आणि साठा कसा ठेवायचा, कसा हलवायचा, हे अधिकाऱ्यांना शिकवणारं कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट.

आता गंमत बघा. बनवणारा, साठवणारा, दुरुस्त करणारा आणि हे सगळं शिकवणारा, चौघं एका शहरात आहेत. इतकी सोय देशात फार कमी ठिकाणी असेल. पण एका शहरात राहणं वेगळं आणि एका टेबलावर बसणं वेगळं. १ ऑक्टोबर २०२१ पासून तर ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. गाड्यांचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये, तोफांचा अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्समध्ये, खमरिया म्युनिशन्स इंडियामध्ये, फाउंड्री यंत्र इंडियामध्ये. भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी आता चार वेगवेगळ्या कंपन्यांचे झाले. म्हणजे एकत्र बसायचं असेल तर ते ठरवून बसावं लागेल, नुसत्या शेजारावर भागणार नाही.

शक्तिमान ट्रकचं उदाहरण घेऊ. आमच्या पिढीने तो रस्त्यावर, परेडमध्ये, एनसीसीच्या कॅम्पला, सगळीकडे बघितला. जर्मनीच्या मॅन कंपनीचा हा ट्रक. लायसन्स घेऊन १९५९ मध्ये तो जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनायला लागला. पुढे व्हेइकल फॅक्टरीत गेला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. त्याच्याच बरोबरीची ती जोंगा. तिचं नाव म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरं. मूळ गाडी जपानच्या निस्सानची पेट्रोल.

लायसन्सवर गाडी बनवताना ड्रॉइंग तयार मिळतं. लोकांना वाटतं, मग अवघड काय राहिलं? अवघड हे की ते ड्रॉइंग ज्या कारखान्यासाठी काढलेलं असतं, तो कारखाना तुम्हाला मिळत नाही. जर्मन डिझाइनरने एखाद्या भागासाठी विशिष्ट पोलाद लिहिलं, कारण ते त्याच्याकडे सहज मिळत होतं. एखाद्या भोकाची अचूकता अमुक इतकी धरली, कारण त्याच्याकडचं मशीन ती रोज देत होतं. ते पोलाद इथे मिळत नसेल आणि ते मशीन इथे नसेल, तर ड्रॉइंग बरोबर असूनही भाग बनत नाही, किंवा बनतो पण चौपट महाग पडतो. म्हणून परदेशी डिझाइन आपलं करताना एकेक भाग हातात घेऊन विचारावं लागतं, की हा आपल्याकडे कोण बनवेल, कशाने बनवेल आणि दहा वर्षांनी याच्या जागी दुसरा कोण देईल.

तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे तोफांनी शिकवलं. १९८६ मध्ये भारताने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा घेतल्या. करारात तंत्रज्ञानाचे कागदही होते. पुढे जे राजकारण झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. यंत्राच्या बाजूने झालं ते असं, की कंपनीशी व्यवहार थांबला आणि सुट्या भागांची वाट अडली. १९९९ च्या कारगिल युद्धात याच तोफांनी मोठं काम केलं, पण त्या चालू ठेवायला किती ओढाताण करावी लागली याच्या बातम्या त्या काळात सतत येत होत्या. तोफ उत्तम होती. तिच्या मागची पुरवठ्याची साखळी दुसऱ्याच्या हातात होती.

ते जुने कागद पुढे कामी आले. त्यांच्या आधाराने जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने ‘धनुष’ तोफ उभी केली. ८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा तोफा इथूनच लष्कराच्या हवाली झाल्या. मागणी ११४ तोफांची आहे. मूळ तोफ ३९ कॅलिबरची, धनुष ४५ कॅलिबरची. कॅलिबर म्हणजे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट आहे, तो आकडा. १५५ मिलिमीटरला ३९ ने गुणलं तर साधारण सहा मीटर, ४५ ने गुणलं तर जवळजवळ सात मीटर. नळी लांब झाली की गोळा जास्त लांब जातो. धनुषचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर सांगतात.

कागदावर हा बदल एका आकड्याचा आहे, ३९ खोडून ४५. पण विचार करा, जवळजवळ एक मीटर नळी वाढली की काय काय हलतं? ती नळी घडवायला तेवढं लांब मशीन लागतं. वजन पुढे सरकतं, म्हणून तोल सांभाळणारी यंत्रणा बदलते. ओढून नेताना डोंगरातल्या वळणावर जागा जास्त लागते. रेल्वेच्या वॅगनवर ती कशी बसवायची, ते पुन्हा बघावं लागतं. नळी साफ करायचा दांडा आणि झाकायची ताडपत्रीसुद्धा बदलते. आणि डेपोत या प्रत्येक गोष्टीला नवा नंबर, नवी पेटी, नवी जागा. यातली एक गोष्ट जरी राहिली, तरी तोफ तयार असूनही तैनात होत नाही. नळीची लांबी ठरवणाऱ्याच्या शेजारी मशीनवाला, वाहतूकवाला आणि कोठारवाला बसलेला असेल, तर हे सगळं पहिल्या आठवड्यात कळतं. नसेल तर एकेक करून कळत जातं, आणि दर वेळी काही महिने जातात.

आता माझी गोष्ट. ही मी फार ठिकाणी सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी एका खासगी वर्कशॉपमध्ये डिझाइन बघायचो. आम्ही ट्रकच्या चासीवर बॉडी बांधायचो. एका कोळसा खाणीची ऑर्डर आली, सहा पाण्याचे टँकर. खाणीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून दिवसभर पाणी मारत फिरणारे. दहा हजार लिटरची टाकी, खाली पंप, मागे फवाऱ्याचा पाइप. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सगळं डिझाइन माझ्याकडे दिलं, म्हणून मी खूश.

पंपाच्या आधी पाण्यातला कचरा अडवायला एक जाळी असते. ती मी चासीच्या लाँग मेंबरच्या आतल्या बाजूला, आडव्या मेंबरला लागून बसवली. कारण तिथे पाइप अगदी सरळ जात होता. दोन बेंड वाचले, एक फ्लँज वाचली. मालक खूश झाले. ड्रॉइंग दिसायलाही सुंदर होतं. बाबांना दाखवलं असतं तर त्यांनी काय विचारलं असतं, हे मला माहीत होतं. मी दाखवलं नाही.

टँकर गेले. खाणीत पाणी भरायचे ते तिथल्याच तळ्यातून, त्यात गाळ, पाला, कोळशाची भुकटी. जाळी प्रत्येक पाळीत साफ करावी लागायची. मी जाळीचं झाकण चार बोल्टवर ठेवलं होतं आणि त्या बोल्टच्या समोर, चार बोटांवर, लाँग मेंबरचं पोलाद. पाना बसायचाच नाही. आधी पाइप सोडवा, मग जाळी बाहेर घ्या, मग परत सगळं जोडा. दीड तास. सहा टँकर, दर पाळीला दीड तास, म्हणजे नऊ तास. पाळीच आठ तासांची. हिशेब करा, खाणीने पैसे सहा टँकरचे दिले आणि कामाला पाचही पुरते मिळेनात.

तिथे ठेकेदाराकडे एक मेकॅनिक होता. हुशार माणूस. त्याने गॅस कटर घेतला आणि लाँग मेंबरमध्ये, बरोबर बोल्टच्या समोर, चौकोनी खिडकी कापली. आता बाहेरून हात जायचा, पाना फिरायचा, दहा मिनिटांत जाळी साफ. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. सहाही टँकरना त्याने खिडक्या केल्या.

इंजिनिअरिंग शिकलेल्यांना पुढचं कळलं असेल. लाँग मेंबर हा ट्रकचा कणा. त्यात गॅसने कापलेली चौकोनी खिडकी आणि तिचे धारदार कोपरे. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन, आणि रस्ता खाणीतला. आठ महिन्यांनी एका टँकरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेला आणि चढावर, भरल्या टाकीसकट चासी बसली. ड्रायव्हरने उडी मारली. वाचला, पण पाय मोडला.

चौकशी झाली. मला मालकांबरोबर बोलावलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझ्यासमोर ड्रॉइंग ठेवलं आणि विचारलं, ‘ही खिडकी तुमच्या ड्रॉइंगमध्ये आहे का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ उत्तर शंभर टक्के खरं होतं. परवानगीशिवाय चासी कापली, असा शेरा बसला आणि मेकॅनिकला काढलं. त्याने ती का कापली, हे कोणी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी बोललो नाही.

बाहेर पडताना तो मला भेटला. चिडलेला नव्हता. एवढंच म्हणाला, ‘साहब, हाथ ही नहीं जाता था.’

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘कापणं चूकच. पण त्याला कापायला तू लावलंस.’ मग दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पुढे मी जाळीची जागा बदलली. बाहेरच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, हाताने फिरवायच्या एकाच क्लँपवर. पान्याची गरजच नाही. दोन बेंड वाढले, फ्लँज वाढली, मालक कुरकुरले. बाकीच्या पाच टँकरच्या चासी दुरुस्त करून ही नवी जाळी बसवली. त्यानंतर मी खाणीला एक पत्र लिहिलं, की जाळीची मूळ जागा चुकीची होती आणि ती माझी चूक होती. पण तोवर महिना उलटून गेला होता. त्या मेकॅनिकला काम परत मिळालं नाही. मी त्या खोलीत, त्या वेळी दोन वाक्यं जास्त बोललो असतो तर कदाचित मिळालं असतं. हे ‘कदाचित’ माझ्याबरोबर अजून आहे.

यातून मी जे शिकलो, ते आता कामाच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, यंत्र किती वेळा बिघडतं एवढंच बघू नका, बिघडल्यावर किती वेळ बंद राहतं तेही बघा. समजा, एक यंत्र २०० तास चालतं आणि मग दुरुस्तीला ५० तास घेतं. दुसरं १०० तासच चालतं, पण ५ तासांत दुरुस्त होतं. विकणारा पहिल्याचं कौतुक करेल, दुप्पट चालतं म्हणून. पण पहिलं १०० पैकी ८० तास हाताशी असतं आणि दुसरं ९५ तास. दुरुस्तीचा वेळ ठरतो डिझाइनच्या टेबलावर. झाकण कुठे आहे, बोल्ट किती आहेत, आतला भाग काढायला आधी बाहेरचे किती काढावे लागतात, हे सगळं ड्रॉइंगमध्येच ठरून जातं. नंतर मेकॅनिकला कितीही ट्रेनिंग द्या, त्याचा हात बारीक होत नाही.

आपलं लष्कर हे फार चांगलं ओळखतं. नवं यंत्र घेण्याआधी ज्या चाचण्या होतात, त्यांत एक देखभालीची चाचणी असते. यंत्र खोलून बघतात, जोडून बघतात. कोणती खास हत्यारं लागतात, कोणते सुटे भाग किती ठेवावे लागतील, कोणती दुरुस्ती युनिटमध्ये होईल, कोणती मागच्या वर्कशॉपमध्ये आणि कोणती बेस वर्कशॉपमध्ये, याची नोंद होते. माझं म्हणणं, ही चाचणी शेवटी होते तेव्हा ती परीक्षा असते. तीच पहिल्या महिन्यात, लाकडी किंवा पत्र्याच्या मॉडेलवर स्वतःच्या घरात केली तर तो अभ्यास होतो.

दुसरी गोष्ट, बोल्टचे प्रकार कमी करा. माझ्या पहिल्या टँकरमध्ये सात मापांचे बोल्ट होते. आता मी १३ आणि १७ नंबरच्या पान्यावर जास्तीत जास्त काम भागवतो. कारखान्यात खरेदी सोपी होते, कोठारात कप्पे कमी लागतात, आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला दोन पाने पुरतात. एका निर्णयाचा फायदा तिघांना मिळतो.

तिसरी गोष्ट, माल ज्या मापात बाजारात मिळतो, त्या मापात विचार करा. पत्रा सहसा १२५० बाय २५०० मिलिमीटरचा येतो. टाकीची लांबी-रुंदी त्यात बसवली तर कापकाप कमी, वेल्डिंग कमी, आणि वेल्डिंग कमी म्हणजे गळती कमी. तसंच वाहतुकीचं. रस्त्यावर गाडीच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. मशीन २.७ मीटरचं केलंत तर ते दहा सेंटिमीटर तुम्हाला दर खेपेला परवानगीच्या रांगेत उभं करतील.

जगातलं एक उदाहरण मला फार आवडतं, ते म्हणजे जेरीकॅन. जर्मनांनी १९३७ च्या सुमारास लष्करासाठी बनवलेला २० लिटरचा पेट्रोलचा डबा. वर एक मूठ नाही, तीन मुठी. भरलेला डबा एकाने मधल्या मुठीने उचलावा. दोघांनी मिळून न्यायचा तर दोन बाजूंच्या मुठी. रिकामे असतील तर शेजारी-शेजारी दोन डब्यांच्या लगतच्या मुठी एका हातात, म्हणजे एक माणूस चार डबे नेतो. माणसांची साखळी करून हातोहात द्यायचा तरी मूठ सापडते. झाकण हाताने दाबून बंद होतं, पाना नको, नरसाळं नको. पत्र्याचे दोन भाग ठोकून काढायचे आणि एका शिवणीने जोडायचे, म्हणजे कारखान्यालाही सोपं. याच काळात इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात गळत होते आणि पेट्रोलचा मोठा वाटा वाळूत जात होता. शेवटी इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी जर्मन डब्याचीच नक्कल केली. बनवणारा, वाहणारा, वापरणारा, तिघांचा विचार एका डब्यात आहे.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण, २००५ मध्ये आलेली टाटा एस. लोक तिला प्रेमाने ‘छोटा हाथी’ म्हणतात. गिरीश वाघ यांच्या टीमने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून घेतलं, त्यांना काय वाहायचंय, कुठे वळायचंय, किती परवडतं. इंजिन करताना इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनचा आधार घेतला आणि दोन सिलिंडरचं, सुमारे ७०० सीसीचं केलं. जे इंजिन बनवायची आणि सांभाळायची सवय कारखान्याला आधीच होती, त्याच्याच घरातलं हे भावंडं. गल्लीतला मेकॅनिकही लवकर सरावला.

आता एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. सगळ्यांना टेबलावर बसवलं तर काम होणार कधी? दहा तोंडं, दहा मतं. माझा अनुभव असा, की निर्णय डिझाइनरनेच घ्यायचा. बाकीच्यांनी मतदान करायचं नाही, फक्त त्यांचं ऐकून घ्यायचं. आणि ऐकायचं ते सुरुवातीला, जेव्हा बदल म्हणजे खोडरबर फिरवणं असतं. साचे बनल्यावर तोच बदल लाखांत जातो. टँकर रस्त्यावर गेल्यावर तो एखाद्याच्या पायावर जातो.

मी आता छोट्या कारखानदारांबरोबर काम करतो. शेतीची अवजारं, ट्रॉल्या, चक्क्या बनवणारे लोक. कोल्हापूरचे असोत, बेळगावचे असोत, इंदूरचे की आमच्या जबलपूरचे, ते म्हणतात, ‘साहेब, हे मोठ्या कंपन्यांचं काम, आमच्याकडे एवढी माणसं कुठे?’ मी त्यांना सांगतो, तुमच्याकडे हे जास्त सोपं आहे. डिझाइन करणारा आणि वेल्डर एकाच शेडमध्ये असतात. टेम्पोवाला दारात उभा असतो. दुरुस्तीवाला चहाला येतो. फक्त पक्कं ड्रॉइंग होण्याआधी त्यांना बोलवा, एक दिवस द्या, चहा पाजा. आणि चार प्रश्न विचारा. हे बनवताना तुला त्रास कुठे होईल? हे गाडीत चढवताना कुठे धरशील? यातलं आधी काय खराब होईल? आणि ते बदलायला तुला किती वेळ लागेल?

आणखी एक प्रश्न माझ्या चुकीने मला शिकवला. कोणी तुमच्या वस्तूत स्वतःच्या मनाने फेरफार केला, भोक पाडलं, तार बांधली, तुकडा जोडला, तर रागवण्याआधी विचारा, ‘का केलंस?’ त्याने तुमच्या ड्रॉइंगमध्ये राहून गेलेली गोष्ट दाखवलेली असते. कधी तो धोका असतो आणि लगेच थांबवावा लागतो, माझ्या टँकरसारखा. पण कारण कळल्याशिवाय थांबवलं, तर उद्या दुसरा कोणीतरी दुसरीकडे कापेल.

बाबा आता नाहीत. मी अजूनही पक्क्या ड्रॉइंगवर सही करण्याआधी एक काम करतो. खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा सांगाडा करतो, शेडमधल्या सगळ्यांत जाड हाताच्या फिटरला बोलावतो आणि पाना त्याच्या हातात देतो. तो फिरला तर सही.